आईच्या नावावरचं वाक्य

मला शोकसभेचं आमंत्रण नव्हतं. पेपरात चौकट वाचली आणि बोरिवलीहून बस बदलत बदलत मुलुंडला गेले. नवऱ्याने विचारलं, तुला काय पडलंय तिथे जायचं? म्हटलं, मेलाय ना खरंच, ते बघून येते. आमच्या घरात कुठल्या विषयाला हात लावायचा नाही, हे त्याला पाठ झालंय.

हॉल तोच, पूर्वेचा. तेव्हा पत्र्याचा होता, आता गार हवेचा झालाय. स्टेजवर अरुणभाऊंचा फोटो, शेवंतीचा हार, समई. आणि त्याच्या शेजारी, त्याच्याहून मोठा करून लावलेला, माझ्या दादाचा फोटो. दादा खंदकात उभा, लोखंडी टोप काखेत, केस घामाने कपाळाला चिकटलेले. मागे ताडाची झाडं. हसतोय. तो फोटो सगळ्या महाराष्ट्राने पाहिलाय. लोक त्याला अरुणभाऊंचा फोटो म्हणतात. तो काढून झाला आणि दादाला गोळी लागली. मी मागच्या रांगेत बसले.

उदबत्तीचा वास होता, नव्या गाद्यांचा होता, आणि मला मात्र मिठागरांचा वास येत राहिला. या हॉलच्या मागे तेव्हा मिठागरं होती. उन्हाळ्यात पांढरे ढीग लागायचे, बघवत नसे त्यांच्याकडे, डोळे चुरचुरायचे. ओठांवर जीभ फिरवली तर खारट. दादा सकाळी तिथल्या बांधावर पळायचा, भरतीसाठी. अनवाणी. मी त्याचा शर्ट आणि चपला सांभाळत बसायचे आणि तो लांब लांब जाऊन ठिपका व्हायचा. परत आला की पाय दाखवायचा, भेगांत मीठ शिरलेलं. आई खोबरेल चोळता चोळता त्याला बोल लावायची, म्हणायची, सैन्यातच जायचं तर जा, पण पाय घेऊन जा. बाबांची गिरणी संपात गेली होती, ते गावी शेती बघत होते, आणि घरात कर्ता म्हणून हाच एक, टाचा फुटलेला.

आमची बिल्डिंग दोन मजली. नावाला सोसायटी, पण गॅलरी सामाईक, नळ सामाईक, भांडणं सामाईक. आम्ही पहिल्या मजल्यावर, शेजारी पेडणेकरकाकू, आणि टोकाच्या खोलीत अरुणभाऊ आणि शैलावहिनी. अरुणभाऊ एका मराठी दैनिकात वार्ताहर. संध्याकाळी घरी आले की जिन्यातच त्यांचा वास यायचा, शाईचा आणि चारमिनार सिगारेटचा. येताना उरलेले अंक घेऊन यायचे. बिल्डिंगमधल्या प्रत्येक फडताळात, प्रत्येक डब्याखाली त्यांचाच पेपर. आमच्या मिठाच्या बरणीखाली कुठल्या तरी मंत्र्याचा चेहरा असायचा आणि आई त्याच्यावर बरणी आपटून ठेवायची.

त्यांच्याकडे स्वतःचा कॅमेरा होता. सुट्टीच्या दिवशी मोरीला काळा पडदा लावून लाल बल्ब पेटवायचे आणि आम्हा मुलांना आत घ्यायचे. आंबट वास, नाकात झोंबणारा. पाण्यात पांढरा कागद, आणि हळूहळू त्यातून कोणी तरी वर यायचं. एकदा दादा आला. आधी केस, मग भुवया, मग ते हसू. मी ओरडलेच. अरुणभाऊंनी माझ्या टाळूवर टपली मारली. खोटं कशाला बोलू, तेव्हा मला तो माणूस फार आवडायचा.

त्यांची एक खोड होती. लोकांच्या तोंडी ते वाक्यं घालायचे. पाणीटंचाई झाली तेव्हा पेडणेकरकाकू नळावर महापालिकेच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होत्या. दुसऱ्या दिवशी पेपरात काकू डोळ्याला पदर लावून फार शुद्ध बोलल्या होत्या, मुंबापुरीच्या तहानेबद्दल वगैरे. आम्ही हसून हसून लोळलो. गंमत अशी की काकूंनी तो अंक जपून ठेवला आणि पाहुण्यांना तेच ऐकवायला लागल्या, शब्द न् शब्द, वर डोळ्याला पदर. महिन्याभरात त्यांना खरंच वाटायला लागलं की आपण तसंच बोललो होतो. आमच्या बिल्डिंगमध्ये छापलेल्याला एवढा मान. दादाने मात्र अरुणभाऊंना गॅलरीत गाठून विचारलं, काकू असं बोलल्याच नव्हत्या, मग?

"अरे, बोलायला पाहिजे होत्या," अरुणभाऊ म्हणाले. "मी जरा मदत केली."

दादाही हसला. आम्ही सगळेच हसायचो. काय वाईट होतं त्यात, असंच वाटायचं.

मग दादा भरती झाला. सुट्टीवर यायचा तेव्हा बिल्डिंगभर बुटाच्या पॉलिशचा वास. गॅलरीत पितळी बिल्ले घासत बसायचा आणि मला बक्कल धरायला लावायचा. पुढे शांतिसेना श्रीलंकेत गेली आणि त्यात त्याची पलटण गेली. कोण कोणाशी लढतंय, आपण तिथे कशाला, हे बिल्डिंगमध्ये कोणालाच नीट सांगता येत नव्हतं. पेडणेकरकाकू विचारायच्या, रावण तर कधीच मेला, मग आता कोणाला मारायला गेले? आई रेडिओवरच्या बातम्या लागल्या की स्टोव्ह बारीक करायची आणि संपल्या की मोठा. भातातल्या पेजेचा वास आणि बातम्यांची ती धून, दोन्ही माझ्या डोक्यात एकमेकांत मुरलेत.

अरुणभाऊंना सैन्याबरोबर जायची परवानगी मिळाली. मद्रासहून सैन्याच्या विमानाने. बिल्डिंग नुसती फुगली होती, आपला माणूस लढाईवर चाललाय म्हणून. निघायच्या आदल्या दुपारी ते आमच्याकडे आले. आईने शेवेचे लाडू वळून ठेवले होते, गुळाच्या पाकातले, दादाच्या आवडीचे. तिने डबा त्यांच्या हातात दिला आणि म्हणाली, "डबा परत आणा हां. घट्ट झाकणाचा एवढा एकच आहे."

बस. एवढंच. मी तिथेच होते, स्टोव्हला पिन मारत बसले होते, हातभर अंतरावर. आई लाजरी बाई, परक्या पुरुषाशी दोन वाक्यं म्हणजे तिला डोक्यावरून पाणी. पोरगा लढाईवर, आणि तिला सुचलं ते डब्याचं. मला आत्ता आठवून रडू येतं, पण तेव्हा मी फिसकन हसले होते.

दादा गेल्याची तार आली त्यानंतर थोड्याच दिवसांनी. फोटो तिच्या मागोमाग. पहिल्या पानावर, चार कॉलम. मुलुंडचा वीर. स्टेशनबाहेरच्या पेपरवाल्याने त्या दिवशी आमच्या घरचा अंक वर आणून दिला आणि दारातच उभा राहिला, काय करावं न कळून. अग्नी तिकडेच दिला होता. आमच्या वाट्याला अस्थी आल्या आणि तो फोटो. अरुणभाऊ परत आले तेव्हा शैलावहिनींनी डबा घासून पुसून आणून दिला. आईने झाकण लावून पाहिलं, काढलं, परत लावलं, आणि तेव्हा कुठे ती रडली.

दादाची ट्रंक घेऊन त्याचा मित्र आला, साताऱ्याकडचा मोहिते. त्याने आईच्या पायावर डोकं ठेवलं, चहा घेतला, बशीत ओतून, आणि तिच्यासमोर काही बोलला नाही. मी त्याला रिक्षापर्यंत सोडायला खाली उतरले. तेव्हा तो थांबला. खाली मान घालून म्हणाला, "ताई, मी शेजारच्या खड्ड्यात हुतो. तुमचा पेपरवाला साहेबांच्या गाडीतनं आल्याला. आमी त्याला बी साहेबच म्हनायचो. त्यो म्हनला, टोप काढ, सरळ उभा ऱ्हा, मुलुंडात पेपर घरोघर जातो, तोंड दिसाय पायजे. साहेबानं सांगितलं म्हनून तुमच्या सुधीरनं काढला."

मी विचारलं, अरुणभाऊ आमच्या घरून निघाले होते, दादाशी आईचं काही बोलले का? मोहित्याने मान हलवली. नाही म्हणाला, आईचा विषयच नाही.

मी आईला सांगितलं नाही. काय सांगणार? की पेपरात तोंड दिसावं म्हणून गेला? वाटलं, पोराच्या मरणाला तिने देशाचं नाव दिलंय, असू दे. माणसं चुकतात, अरुणभाऊही चुकले, रात्री झोप लागत नसेल त्यांना, असं मी माझ्या मनाला समजावत होते. एवढं मोठं मन होतं माझं तेव्हा. पुन्हा नाही झालं.

त्या वर्षीच्या दिवाळी अंकात त्यांचा मोठा लेख आला. फराळाचं ताट घेऊन शैलावहिनी आल्या, ताटावर अंक. मी चकली खात खात वाचायला घेतला. ताडाची झाडं होती, लाल माती होती, जवानांबरोबर खाल्लेल्या डाळ-भाताची चव होती. छान लिहायचे हो, नाकारत नाही. आणि मग आमची खोली आली. माझी आई आली. अरुणभाऊंचे हात हातात धरून ती माऊली म्हणत होती की भाऊ, माझ्या बाळाचा फोटो काढा, चेहरा नीट दिसू द्या, डोळे भरून पाहीन. आणि खंदकात अरुणभाऊ केवळ तिचा निरोप पोचवत होते, आणि आईचा निरोप म्हणताच बाळाने हसत टोप काढला. पुढे गोळी. पुढे अरुणभाऊ जन्मभर त्या माऊलीचे अपराधी.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. टोप काढायला लावला याने आणि नाव लावलं आईचं. वर स्वतःच्या डोळ्यात पाणी. मी तशीच उठले, हात न धुता, गॅलरीतून टोकाला गेले. ते आरामखुर्चीत बसले होते. म्हटलं, आई असं बोलली नव्हती. मी होते तिथे.

त्यांनी चष्मा काढला. अजिबात रागावले नाहीत. "तोंडाने नसेल बोलली गं," म्हणाले. "पण आईच्या मनात दुसरं काय असणार?" आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. शैलावहिनी आत कढईत काही तरी परतत होत्या, त्यांचा झारा थांबला आणि परत सुरू झाला.

पुढे काय विचारता. लेखाला बक्षीस मिळालं, आणि मग व्याख्यानं. विलेपार्ले, डोंबिवली, पुणे, नाशिक. मुलुंडला याच हॉलमध्ये, पत्र्याखाली. आईला पहिल्या रांगेत बसवायचे. शाल, नारळ, मोगऱ्याचा गजरा हातात. तिने गजरा माळला नाही कधी, घरी आणून फोटोला घालायची. अरुणभाऊ त्या वाक्यापाशी आले की थांबायचे, आवाज खाली आणायचे, आणि बायका मुसमुसायला लागायच्या. आणि मग सगळ्या माना वळायच्या आईकडे. कौतुकाने म्हणा, दयेने म्हणा. पण कुठल्या तरी एकीच्या डोळ्यात मला ते दिसायचंच: हौस नडली गं बाई हिची. आई मांडीवरचा नारळ दोन्ही हातांनी धरून बसायची.

पहिल्या वर्षी घरी आल्यावर ती म्हणाली, मला नाही आठवत गं असं काही. म्हटलं, आठवणार कसं, बोललीच नाहीस तू. दुसऱ्या वर्षी म्हणाली, बोलले असेन बाई ओघात. मग एकदा भात वाढता वाढता म्हणाली, मीच सांगितलं. मी म्हटलं, आई, मी होते तिथे, तू डब्याचं बोललीस. मोहित्याचं सगळं सांगितलं तेव्हा तिला, एक शब्द मागे ठेवला नाही. तिने ऐकून घेतलं आणि माझीच समजूत काढायला लागली. म्हणाली, तू तेव्हा लहान होतीस. तो मोहितेही पोरगाच. भाऊ शिकलेले, ते खोटं कशाला लिहितील? मी किंचाळले, भांडी आपटली, तिला मूर्ख म्हटलं. तिने ताट उचललं आणि मोरीत गेली.

त्यानंतर आईने कधी फोटो काढू दिला नाही. कॅमेरा दिसला की पदर तोंडावर. माझ्या लग्नाचा अल्बम आहे, जाड, मखमली पुठ्ठ्याचा. त्यात नवऱ्याकडची शंभर माणसं आहेत, आइस्क्रीम खाणारी पोरं आहेत, पेडणेकरकाकू तर पानोपानी आहेत. आई नाही. पाठवणीच्या फोटोत माझ्या गळ्यात दोन हात दिसतात, हिरव्या बांगड्यांचे, आणि माझ्या खांद्याआड लपवलेलं डोकं. तिचा चेहरा माझ्याकडे कुठेच नाही. ती गेली तेव्हा भिंतीवर लावायला फोटो सापडला नाही, रेशनकार्डावर तर नावच असतं नुसतं. दादाचा मात्र घराघरात होता.

आणि मी, मी काय केलं? मी द्वेष केला. नेमाने केला, लोक देवपूजा करतात तसा. त्यांचं सदर यायचं त्या दिवशीचा पेपर मी मासळी साफ करायला ठेवायचे. बांगड्याची खवलं त्यांच्या नावावर पडलेली बघून बरं वाटायचं. टीव्हीवर आले की बघायची सगळं, एक वाक्य चुकवायची नाही, आणि ते थांबून आवाज खाली आणणार त्याच्या आधी मीच ते वाक्य मोठ्याने म्हणायची. पोरं घाबरायची. मला वाटायचं, एक दिवस भर सभेत उठेन आणि याची वाट लावेन. नाही उठले. आई जिवंत होती तोवर तिच्यासमोर तमाशा नको म्हणून, आणि ती गेल्यावर वाटायचं, आता कोणासाठी?

तर परवा, त्या गार हॉलमध्ये, एक टायवाला गृहस्थ अरुणभाऊंच्या आठवणी सांगायला उठला. बोलता बोलता त्याने स्टेजवरच्या फोटोकडे हात केला. थांबला. आवाज खाली आणला. ती माऊली म्हणाली होती, म्हणाला, आणि सुरू. सगळं. चेहरा, डोळे भरून, भाऊ. अरुणभाऊ मरूनसुद्धा हे थांबणार नव्हतं. हे आता असंच चालणार होतं, माझ्या पोरांच्या पोरांपर्यंत, आणि आई तिथे कायमची उभी राहणार होती, स्वतःच्या लेकाचा टोप काढायला लावणारी.

सभा संपली. चहाच्या टेबलापाशी पेडणेकरकाकूंच्या मुलाने मला ओळखलं आणि कोणाला तरी सांगितलं. लगेच एक तरुण मुलगी आली, पेपरातली, हातात मोबाइल, चेहऱ्यावर खरंखुरं दुःख. म्हणाली, ताई, तुम्ही वीराच्या बहीण ना, अरुणभाऊंबद्दल दोन शब्द? शेवटची भेट कधी झाली?

मी चहाचा कप खाली ठेवला आणि सांगितलं, मागच्या महिन्यात भेटले त्यांना. मी एकटीच होते. माझा हात हातात घेऊन ते रडले आणि म्हणाले, "तुझी आई असं काही म्हणालीच नव्हती. टोप मीच काढायला लावला. आईचं वाक्य माझं. लोकांना सांग." मुलीने दोनदा वाचून दाखवलं. मी दोनदा मान हलवली. इतकं नीटस बोलले मी की मलाच नवल वाटलं. मी त्यांना वीस-बावीस वर्षांत समोरासमोर बघितलंही नव्हतं.

छापून आलं, पान तीनवर, चौकटीत. सकाळीच पेडणेकरकाकूंचा फोन. आता नव्वदीला टेकल्यात, ऐकू कमी येतं, म्हणून ओरडून बोलतात. "म्हंजे तुझ्या आवशीन नाय सांगलेला?" मी म्हटलं, नाही काकू, आईने नव्हतं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आणि आमी सगळी तिका..." मी फोन कानाला धरून खिडकीत उभी राहिले. ऊन होतं, खालून भंगारवाला ओरडत चालला होता. मला आई दिसली, मांडीवर नारळ नसलेली. त्यासाठी मी परत दहा वेळा तसंच सांगेन.

पण लोकांनी माझा घास गोड होऊ दिला नाही. मला वाटलं होतं, थू थू होईल त्या माणसाची. कसली थू थू! मोठ्या मनाचा माणूस म्हणे. जाता जाता कबूल करायला छाती लागते म्हणे. टायवाल्याने अग्रलेखाशेजारी लेख लिहिला, सत्यनिष्ठ पत्रकाराचा अखेरचा प्रामाणिकपणा. अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या. तीही चांगुलपणाची शाल मीच घातली त्याच्या मढ्यावर.

तो लेख आला त्याच दुपारी शैलावहिनींचा फोन आला. आवाज लगेच ओळखला, झाऱ्यासारखा थांबत थांबत येणारा. म्हणाल्या, पेपर वाचला. मी हं म्हटलं. म्हणाल्या, कधी आली होतीस तू? मी म्हटलं, मागच्या महिन्यात.

"त्यांची वाचा गेली होती गं," त्या म्हणाल्या. "गणपतीतच अर्धांगाचा झटका आला. तेव्हापासून एक शब्द नाही. व्याख्यानं देणारा माणूस, लोकांना कळू नये म्हणून आम्ही कोणाला येऊच दिलं नाही. ते असं काही म्हणालेच नाहीत."

मी काही सारवासारव केली नाही.

"वहिनी," मी म्हटलं, "आईसुद्धा म्हणाली नव्हती."

त्या रडत होत्या की नाही कोण जाणे. मी थांबले, त्यांना बोलायचं असेल तर बोलू दे म्हणून. मग मीच फोन ठेवला.